कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे : गोवा आणि सिनेमाचा साठ वर्षांचा हिशेब

शापोऱ्याच्या किल्ल्यावर संध्याकाळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. तिघं मित्र तटावर पाय सोडून बसलेले असतात, चौथा मागून फोन धरून उभा असतो. तिघांचीही तोंडं समुद्राकडे. फोटो झाला की चौथा बसतो आणि तिघांतला एक उठतो. किल्ल्याचं नाव विचारलंत तर बरेचजण ‘दिल चाहता है फोर्ट’ असंच सांगतील. टॅक्सीवालेही तेच नाव घेतात, कारण गिऱ्हाईक त्याच नावानं विचारतं.

हा किल्ला आज दिसतो त्या रूपात पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये बांधला. त्याआधी इथे आदिलशाहीच्या काळातली गढी होती, आणि शापोरा हे नाव ‘शाहपुरा’वरून आलं असं सांगतात. १६८३-८४च्या मोहिमेत संभाजी महाराजांच्या फौजा बारदेशात उतरल्या तेव्हा हे ठाणं मराठ्यांच्या हाती पडलं होतं. पोर्तुगिजांनी ते नव्यानं बांधल्यावरही १७३९ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी ते घेतलं आणि दोन वर्षांनी सोडलं. म्हणजे इथल्या पहारेकऱ्यांना धास्ती होती ती नदीच्या मुखाची आणि नदीपलीकडच्या पेडण्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणंही पोर्तुगिजांकडे गेलं, सरहद्द उत्तरेला सरकली आणि किल्ल्याचं काम संपलं. पुढे तो ओस पडला. २००१ मध्ये फरहान अख्तरच्या तीन मित्रांनी तटावर बसकण मारली आणि किल्ल्याला दुसरा जन्म मिळाला. या जन्मात मात्र त्यानं नदीकडे पाठ फिरवली होती.

गोव्यातल्या सिनेमाच्या इतिहासाकडे बघताना मला हा किल्ला सारखा आठवतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं, २०११च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख वस्तीचं हे राज्य. एवढ्याशा जागेत जितका सिनेमा चित्रित झाला तितका देशातल्या फार थोड्या ठिकाणी झाला असेल. पण बहुतेक वेळा कॅमेरा किनाऱ्यावर उभा राहिला आणि त्याचं तोंड समुद्राकडे होतं. गाव, देऊळ, बाजार, कुळागर, खाण, सडा हे सगळं त्याच्या पाठीमागे राहिलं. त्या पाठीमागच्या गोव्याला या व्यवहारातून काय मिळालं, हा प्रश्न आता गोव्यातच विचारला जातो आहे.

आधी आवाज गेला, मग चेहरा

१९६१च्या डिसेंबरपर्यंत मुंबईच्या निर्मात्यासाठी गोवा हा परदेश होता. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारत सरकारनं व्यापारावर आणि ये-जा करण्यावर निर्बंध आणले. तिथे कॅमेरा घेऊन जाण्याचा विचार कोण करणार?

तरीही हिंदी सिनेमात गोवा होताच, फक्त तो दिसत नव्हता, ऐकू येत होता. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या बँडमध्ये वाजवू लागली. हिंदी संगीतकाराच्या डोक्यात चाल असे; पण चाळीस-पन्नास वादकांनी ती एकत्र वाजवायची तर कागदावर उतरवणारा माणूस लागे. हा माणूस बहुधा गोव्याचा असे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावं. ‘अलबेला’त (१९५१) सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे, आणि भगवानदादांसोबत तो स्वतः पडद्यावरही दिसतो. गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ‘अमर अकबर अँथनी’तलं अँथनीचं पूर्ण नाव ही या गुरूला दिलेली दाद होती. आणि आपल्या बाजूला मंगेशीच्या मंगेशकरांबद्दल वेगळं काही सांगायला नको.

कोकणी सिनेमाची सुरुवातही याच काळातली. जेरी ब्रागांझा यांचा ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी म्हापशात प्रदर्शित झाला. १९६६च्या ‘निर्मोण’ची कथा इतकी पसंत पडली की पुढच्याच वर्षी ‘तकदीर’ नावानं ती हिंदीत आली. गोव्यातून कथा मुंबईला गेली असं सहसा घडलेलं नाही. रहदारी पुढे उलट दिशेनं वाढत गेली.

पासपोर्टाशिवायचा परदेश

मुक्तीनंतर हिंदी सिनेमानं गोव्याकडे मोर्चा वळवला तो मुक्तीच्याच विषयावरून. आय. एस. जोहर यांनी ‘जोहर महमूद इन गोवा’त (१९६५) तो विनोदी अंगानं हाताळला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘सात हिंदुस्तानी’त (१९६९) तो गंभीरपणे घेतला. अब्बासांनी मुद्दाम एका प्रांतातल्या नटाला दुसऱ्या प्रांतातल्या माणसाची भूमिका दिली. त्यामुळे बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाले. बिहारच्या कवीच्या भूमिकेत एक उंच, सडपातळ नवखा होता, त्याचं नाव अमिताभ बच्चन. देशाच्या एकतेची ही कल्पना देखणी होती. पण गोव्याच्या मुक्तीची गोष्ट सांगायला निघालेल्या त्या पथकात गोव्याची एकटी मारिया होती.

त्याच वर्षांत प्रत्यक्ष गोव्यात काय चाललं होतं? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणत होता, युनायटेड गोवन्स त्याला विरोध करत होते. मराठी की कोकणी यावरून घराघरात वाद होते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि ३४,०२१ मतांच्या फरकानं गोव्यानं वेगळं राहायचं ठरवलं. आपण कोण आहोत, हा प्रश्न एका समाजानं मतपेटीतून सोडवला, अशी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. यातलं हिंदी पडद्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

पोचलं ते वेगळंच. ‘बॉम्बे टू गोवा’त (१९७२) गोवा म्हणजे बसच्या पाटीवरचं नाव, मजा संपते तिथलं शेवटचं स्टेशन. मूळ तमिळ चित्रपट मद्रासहून पाँडिचेरीला जाणाऱ्या बसचा होता. एका जुन्या फ्रेंच वसाहतीच्या जागी एक जुनी पोर्तुगीज वसाहत घातली की भाषांतर पुरं. पुढच्याच वर्षी राज कपूर यांचा ‘बॉबी’ आला. प्रेमनाथनं रंगवलेला जॅक ब्रागांझा हा कोळी दिलदार, गळ्यात क्रॉस घालणारा आणि सदैव बाटलीच्या जवळ असणारा. पडद्यावरचा गोवेकर पुढची कितीतरी वर्षं याच साच्यातून निघत राहिला. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाला हे बोचलं, आणि ते स्वाभाविक होतं. पण दुसरी एक गोष्ट तितकीच मोठी होती. २०११च्या जनगणनेत गोव्यातले ख्रिस्ती साधारण पंचवीस टक्के आहेत आणि हिंदू सहासष्ट टक्के. शांतादुर्गेचा, मंगेशाचा, शिगम्याचा, दशावताराचा गोवा हिंदी पडद्यावर जवळजवळ नव्हताच. गंमत अशी की ‘बॉबी’चं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, म्हणजे माजोर्ड्याच्या मास्तरांच्या शिष्याचं. पडद्यावरचा ब्रागांझा झोकांड्या खात होता तेव्हा त्याच्या मागच्या वाद्यवृंदाला गोव्याची शिस्त होती.

मुंबईच्या निर्मात्याला गोवा का हवा होता, याचं उत्तर बरंचसं व्यवहारी आहे. मुंबईपासून साधारण सहाशे किलोमीटर. युनिटचा ट्रक रात्री निघाला की दुसऱ्या दिवशी पोचतो. व्हिसा नको, परकीय चलन नको. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात ही मोठी सोय होती. आणि एवढ्या अंतरावर पांढरी चर्चं, कौलारू बंगले, बाहेर दगडी बाकांचे बाल्कांव, फोंतेन्यासच्या रंगीत गल्ल्या. पासपोर्टाशिवायचा परदेशच. परदेश म्हटला की तिथे आपल्या घरचे नियम लागू होत नाहीत. नायिकेनं काय घालावं, नायकानं किती प्यावं, लग्नाआधी दोघांनी कुठवर जावं, याची सूट पटकथेला गोव्यात मिळू लागली. पटकथेतली ही सूट पुढे पर्यटकानंही घेतली.

‘एक दुजे के लिए’ (१९८१) हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. के. बालचंदर यांनी हीच गोष्ट आधी तेलुगूत विशाखापट्टणमला घडवली होती. हिंदीत आणताना ती गोव्यात हलवली. मुलगा तमिळ, मुलगी उत्तरेकडची, दोघांचे आईबाप भाषेवरून भांडणारे. अशा भांडणाला तटस्थ मैदान हवं, म्हणून गोवा. दोना पावलाच्या जेट्टीवर गाइड अजून या चित्रपटाचं नाव घेतात. भाषेवरून इतका आकांत करणाऱ्या या चित्रपटात गोव्याच्या भाषेला मात्र जागा नव्हती. आणि तेव्हा गोव्यात खुद्द भाषेचंच आंदोलन आकार घेत होतं. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळालं. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं.

लोटलीचं घर

कॅमेरा घरात शिरला तो श्याम बेनेगलांबरोबर. ‘त्रिकाल’ (१९८५) चित्रित झाला तो लोटलीला, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वडिलोपार्जित वाड्यात. काळ १९६१चा. राजवट जाणार हे सगळ्यांना कळलेलं, पण उघड कुणी बोलत नाही. घरची मालकीण (लीला नायडू) मेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला बोलावू बघते, आणि नवऱ्याऐवजी येतो तो विजयसिंह राणे, या घराण्याच्या पूर्वजानं दगा देऊन मारलेला बंडखोर. सत्तरीच्या राण्यांची बंडं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जमीनदार ख्रिस्ती घर, त्याच्या पायाखालचं हिंदू रयतेचं दुःख, दोघांमधलं जुनं रक्त, हे सगळं एका दिवाणखान्यात येतं. बेनेगलांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘त्रिकाल’ही हिंदीतला, मुंबईच्या दिग्दर्शकाचा. म्हणजे दोष बाहेरून येण्याचा नव्हता. बाहेरून आलेला माणूस दार ठोठावून आत येऊ शकतो, दोन दिवस राहून घराची गोष्ट ऐकू शकतो. त्याआधी आलेला ‘द सी वुल्व्ज’ (१९८०) हा हॉलिवूडपटही गोव्याच्याच एका खऱ्या प्रसंगावर होता. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या ‘एहरनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या निवृत्तीला टेकलेल्या ब्रिटिश हौशी सैनिकांनी टाकलेला छापा. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन गोव्यात येऊन राहिले. तटस्थ बंदरातल्या महायुद्धाची ही गोष्ट गोव्याखेरीज दुसरीकडे घडूच शकली नसती. अशी गोष्ट असली की लोकेशनला आपलं नाव, आपलं वर्ष, आपला नकाशा मिळतो.

महोत्सव आला, मंडप राहिला

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई-गोवा अंतर एका रात्रीचं झालं. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला. त्यानंतर मित्रांची गोवा ट्रिप हा तरुण मुलांच्या आयुष्यातला जणू एक संस्कारच झाला. २००४ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारनं भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, गोव्यात आणला. १९५२ पासून शहरं बदलत फिरणाऱ्या या महोत्सवाला पणजी हे कायमचं घर मिळालं. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दुरुस्त झाली, शेजारी मल्टिप्लेक्स उभं राहिलं, आणि एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा ही संस्था स्थापन झाली. महोत्सवाबरोबर चित्रीकरणाच्या परवानग्यांचं कामही पुढे तिच्याकडेच आलं.

इथून शूटिंग हा गोव्यात रीतसर धंदा झाला. स्थानिक लाइन प्रोड्युसर तयार झाले. कुठला बंगला भाड्यानं मिळेल, कुठल्या पंचायतीचा दाखला लागेल, किल्ल्यासाठी पुरातत्त्व खातं, दूधसागरसाठी वनखातं आणि रेल्वे, हे सगळं त्यांना पाठ. जनरेटर, व्हॅनिटी, जेवणाची गाडी, बोटी, जुनियर आर्टिस्ट यांतून चार पैसे गावात आले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर या चार पैशांची किंमत वाढली. पण कॅमेरामन, कलादिग्दर्शक, लेखक अशी वरची माणसं बहुधा मुंबईहूनच येत राहिली.

लोकेशन म्हणून गोवा आता कुठल्याही भूमिकेला तयार होता. ‘बॉर्न सुप्रीमसी’चा (२००४) नायक सुरुवातीला इथेच लपलेला असतो. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) दूधसागरचा धबधबा दक्षिणेच्या वाटेवरचा एक टप्पा झाला, आणि आपलं वाई तमिळ गाव झालं. लोकेशन होणं म्हणजे दुसऱ्याचं नाव घेऊन उभं राहणं, हे वाईकरांनाही ठाऊक आहे. फरक एवढाच की वाई हे मोठ्या राज्यातलं एक गाव आहे. गोव्याच्या बाबतीत अख्खं राज्यच नेपथ्य होऊन बसतं.

त्याचे वळ उठायला लागले. ‘दम मारो दम’ (२०११) मधल्या गोव्याच्या बायकांबद्दलच्या संवादावरून संताप उसळला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पर्ऱ्याला दुतर्फा माडांचा एक साधा गावरस्ता आहे. ‘डिअर जिंदगी’त (२०१६) तो दिसला आणि गर्दी सुरू झाली. गाड्या मधेच थांबू लागल्या, वाटेत कचरा साचू लागला. शेवटी पंचायतीनं फोटो आणि व्हिडिओसाठी शंभर ते पाचशे रुपये कर लावला. २०१९ मध्ये त्याचा व्हिडिओ पसरला, गहजब झाला आणि कर मागे घ्यावा लागला. पर्रा हे पर्रीकरांचं गाव. इफ्फी आणणाऱ्या मुख्यमंत्र्याच्याच गावानं सिनेमाचं बिल मांडून बघितलं, आणि ते कुणी चुकतं केलं नाही. या कराला मी हसणार नाही. रस्ता गावाचा, माड गावाचे, कचराही गावालाच उचलायचा. मग देखाव्याचं मोल तेवढं फुकट कसं?

ऑक्टोबर २०२० मध्ये नेरूलला एका चित्रपटाच्या युनिटनं वापरलेल्या पीपीई किटांसह कचरा टाकल्याचं उघड झालं आणि नोटीस बजावावी लागली. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा हिंदी-मराठी मालिकांची युनिटं गोव्यात उतरली. रिसॉर्टमध्ये सासूसुनांचे दिवाणखाने उभे राहिले. गोव्यात तेव्हा चाचणी केलेल्या जवळपास दर दोन माणसांमागे एक बाधित निघत होता. मडगावच्या रवींद्र भवनात एका मराठी गाण्याच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आंदोलकांनी बंद पाडलं. मेच्या सुरुवातीला सगळ्याच परवानग्या रद्द झाल्या. ज्यांची रोजी बुडाली त्या स्पॉटबॉयचा आणि रंगभूषाकाराचा यात दोष नव्हता. पण शेजारच्या घरात आजारी माणूस असताना अंगणात मंडप घालायचा नसतो, एवढी साधी रीत आपण मराठी माणसंही विसरलो होतो, हे मान्य करायला हवं.

पाठीमागे वळलेले कॅमेरे

या सगळ्यात काही कॅमेरे उलटे वळले. निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाचा ‘दृश्यम’ (२०१५) मल्याळम चित्रपटाचा रिमेक. पण गोव्यात आणताना त्यांनी किनारा जवळजवळ टाळला. पांडोळी नावाचं काल्पनिक गाव, केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर, त्याची बायको, मुली, बसस्टँड, चहाचं हॉटेल, पोलीस ठाणं. गोव्यातला पोटापाण्याच्या काळजीत असलेला मध्यमवर्गीय हिंदू माणूस मोठ्या हिंदी चित्रपटाचा नायक झाला. आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे समुद्र नसला तरी चालतं.

त्याआधी २००९ मध्ये लक्ष्मीकांत शेटगावकरांनी ‘पलतडचो मनीस’ केला. महाबळेश्वर सैल यांच्या कथावस्तूवरचा हा कोकणी चित्रपट घाटातल्या एका एकट्या वनरक्षकाचा आणि त्याला भेटलेल्या वेडसर बाईचा. टोरंटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. मग बार्द्रॉय बार्रेटो यांनी ‘नाचुया कुंपासार’मध्ये मुंबईला गेलेल्या त्याच गोवेकर वादकांची गोष्ट सांगितली, ज्यांची नावं श्रेयनामावलीत येत नव्हती. लेखाच्या सुरुवातीला जे ऐकू येत होतं पण दिसत नव्हतं, त्याला साठेक वर्षांनी चेहरा मिळाला, आणि तो गोव्याच्याच माणसानं दिला.

आता प्रश्न लोलयेच्या सड्याचा आहे. काणकोण तालुक्यातल्या भगवती सड्यावर फिल्म सिटी उभारावी असा प्रस्ताव आला आणि गावकऱ्यांनी विरोध केला. परक्याला सडा म्हणजे मोकळा कातळ वाटतो, शूटिंगला सोयीचं मैदान. कोकणातल्या माणसाला माहीत असतं की पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि खालच्या झऱ्यांना, विहिरींना पुरतं. फिल्म सिटी झाली तर रोजगार येईल, युनिटं वाटेल तिथे पसरणार नाहीत, हा युक्तिवाद खोटा नाही. गावाची पाण्याची भीतीही खोटी नाही. माझा कौल सड्याच्या बाजूनं आहे. सिनेमाला जागा देण्यात गोव्यानं आजवर काहीच कमी केलेलं नाही. तेवढा पैसा आणि तेवढी हौस गोव्याच्या मुलांना पटकथा, कॅमेरा, संकलन शिकवण्यात आणि कोकणी-मराठी चित्रपट थिएटरपर्यंत पोचवण्यात खर्च झाली, तर त्यासाठी कुठला सडा लागणार नाही.

शापोऱ्याला गेलात तर समुद्राकडे जरूर बघा, सूर्यास्त खरंच सुंदर असतो. मग उठून पाच मिनिटं उत्तरेच्या तटावर जा. खाली नदी दिसेल, पलीकडे मोरजी, त्यामागे पेडण्याचे डोंगर आणि त्याही पलीकडे सावंतवाडीची वाट. किल्ला याच बाजूसाठी बांधला होता. तिथे फोटो काढायला बहुधा कुणी नसतं.